हिची वेणी कोण घालतं?

कादंबरी कुठलीही असो, आंटी फेलिशियांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "हिची वेणी कोण घालतं?"

ब्रिस्टलमधल्या आमच्या छोट्याशा लायब्ररीत महिन्यातून एकदा संध्याकाळी वाचकगट जमायचा. खुर्च्या गोलात मांडणं, बिस्किटं आणणं, इतर शाखांतून पुस्तकाच्या प्रती वेळेवर मागवणं ही कामं माझ्याकडे, कारण मी तिथली सुपरवायझर होते आणि यादी केल्याशिवाय मला दिवस सुरू करता येत नाही. पुस्तक निवडणं आणि त्याची सालं काढणं हे आंटींचं काम. गटाला परदेशातून इथे येऊन राहिलेल्या माणसांच्या कादंबऱ्या आवडायच्या. त्यात हटकून एक मुलगी असायची, लागोसहून नाहीतर किंग्स्टनहून आलेली. मग विमानतळ, थंडी, खवचट घरमालकीण, पहिली नोकरी, पहिला मित्र. गटातले सगळे तिच्या एकटेपणाबद्दल हळहळायचे. आंटी चष्मा कपाळावर सरकवून सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "ही ऑक्टोबरात उतरली. आता ईस्टर आलाय. लेखकाने हिला जेवायला घातलं, रडवलं, प्रेमात पाडलं. एवढ्या दिवसांत हिच्या डोक्यावर काय चाललंय? हिची वेणी कोण घालतं?"

नवीन आलेली माणसं हसायची.

"हसू नका. आमच्या केसांना अख्खा दिवस लागतो. कुणा बाईच्या गुडघ्यांमध्ये डोकं देऊन बसावं लागतं. परक्या गावात असे गुडघे शोधायचे कुठे? ते ज्या दिवशी सापडतात, त्या दिवशी बाई खरी इथे पोचते. विमानतळावर नाही."

यावर मी बिस्किटांची बशी फिरवायचे.

त्यांना आंटी म्हणायची सुरुवात माझ्या जिभेने केली. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझ्याहून इतक्या मोठ्या बाईला नुसतं 'फेलिशिया' म्हणणं मला जमेना. मी हाक मारायचं टाळत, 'एक्सक्यूज मी' म्हणत दिवस काढले. एकदा घाईत तोंडातून 'आंटी' निघून गेलं. त्या जागच्या जागी थांबल्या. म्हटलं झालं, आता तक्रार जाणार.

"शेवटी!" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं या देशातली शेंबडी पोरंसुद्धा मला फेलिशिया म्हणतात. जसं काही आम्ही एका बाकावर बसायचो."

घानातही मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आंटी मूळच्या कुमासीच्या. तिथे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आणि इथे काउंटरवर बसूनही त्यांच्यातली शाळेतली बाई काही गेली नव्हती. उंच, ताठ. त्या दारातून आत आल्या की संगणकावर वाकलेली कॉलेजची मुलं आपोआप सरळ बसायची. पान दुमडलेलं पुस्तक परत आलं की त्या ते वाचकासमोरच उघडायच्या आणि अंगठ्याच्या नखाने दुमड सपाट करत त्याच्याकडे बघत राहायच्या. वेण्यांमध्ये पेन्सिल खोचलेली असायची आणि दिवसातून कितीदा तरी त्या तीच शोधायच्या. "मिस टाइमटेबल, माझी पेन्सिल?" मिस टाइमटेबल म्हणजे मी. मी आपल्या डोक्याकडे बोट दाखवायचे, त्या स्वतःच्या डोक्याला हात लावायच्या आणि मलाच दटावायच्या, "आधी सांगायला काय झालं?"

डोक्यावर बारीक, टाळूला घट्ट चिकटलेल्या वेण्यांच्या ओळी. नांगरलेल्या शेतासारख्या सरळ. दर काही आठवड्यांनी रविवारी त्या ईस्टनला, वेण्या घालणाऱ्या अबेनाच्या स्वयंपाकघरात जायच्या आणि संध्याकाळी नवं डोकं घेऊन परतायच्या. सोमवारी त्यांच्या भुवया जरा वर ओढलेल्या असायच्या. "आज मला हसवायचं नाही," काउंटरवर बसतानाच बजावायच्या. "ओढतंय." मग नेमकं त्याच दिवशी सगळ्यांना विनोद सुचायचे.

त्या केसांना हात लावायची मुभा अबेनाशिवाय कुणाला नव्हती. एखादी प्रेमळ गोरी आजी "अय्या, किती सुंदर!" म्हणत हात पुढे करायची. आंटी तितक्याच प्रेमाने त्या हातात पुस्तक ठेवायच्या. अबेनाकडे विंचरताना जो गुंतवळ निघायचा, तोही त्या मागे सोडत नसत. कागदात गुंडाळून घरी आणून जाळायच्या. माझी आई गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून, कुणाच्या पायाखाली येणार नाही असा टाकायची, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "शहाणी बाई. आपलं डोकं लोकांच्या हाती लागू द्यायचं नसतं."

माझी कमरेपर्यंतची वेणी इथे येऊनही मी कापलेली नाही. हौस म्हणून नाही. सकाळी आरसा न बघता घालून होते, सलूनची वेळ घ्यावी लागत नाही, सोयीचं पडतं. आंटींना त्याचं भारी कौतुक आणि तेवढाच राग. "बघा, बघा. चहा उकळेपर्यंत हिचं डोकं तयार."

एका डिसेंबरात मी त्यांना खोबरेल तेलाची मोठी बाटली दिली. आपल्याकडे केसांसाठी यापलीकडे कुणी जात नाही. जानेवारीत विचारलं, कसं वाटलं?

"फार छान. त्यात मी केळी तळली."

त्यांनी मला केसांना लावायचं शिआचं लोणी दिलं होतं, डबाभर, ते मी टाचांना लावत होते. हे ऐकल्यावर त्या इतक्या हसल्या, की नशीब त्या दिवशी सोमवार नव्हता.

आणि मिसेस ह्यूज. लॉकरमध्ये आंटींचा एक विग असायचा, खांद्यापर्यंतचा, चॉकलेटी, टोकं आत वळलेली, त्याचं नाव मिसेस ह्यूज. घानाहून आल्यावर त्या नोकरीसाठी स्वतःच्या केसांनी एक-दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. कागदपत्रं बघून बोलावलं होतं, डोकं बघून परत पाठवलं. 'नीटनेटकेपणा' असा काहीतरी शब्द वापरला होता. मग मामेबहिणीने हा विग आणून डोक्यावर बसवला. पुढच्या मुलाखतीत काम झालं. "नोकरी मिसेस ह्यूजना लागली," आंटी सांगायच्या. "पुस्तकं मात्र मी लावते."

वर्षाच्या कामाचा आढावा असला की त्या सकाळीच जाहीर करायच्या, "आज मिसेस ह्यूज येणार आहेत." मी सुपरवायझर झाल्यावर पहिल्या आढाव्याला माझ्यासमोरही त्या विग घालून बसल्या. मी म्हटलं, "आंटी, मला मिसेस ह्यूजशी बोलायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. विग काढला, टेबलावर माझ्या फायलीशेजारी ठेवला. "बरं. मग ती ऐकू दे, आपण बोलू."

त्यानंतर मिसेस ह्यूज लॉकरबाहेर आल्या नाहीत. पण आंटींनी विग फेकलाही नाही. निवृत्तीच्या दिवशी तो नीट कागदात गुंडाळून घरी नेला. "तिने मला भाकरी दिली. आवडत नाही म्हणून रस्त्यावर सोडू?"

आमच्या गटात एकदा एक तरुण लेखिका आली होती, पहिल्याच कादंबरीचं वाचन करायला. तिची नायिका अक्राहून मँचेस्टरला येते. वाचन झालं, टाळ्या झाल्या, आणि मला माहीत होतं आता काय होणार. मी डोळ्यांनीच आंटींना विनवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पान उलटतं आणि ही पार्टीत नव्या वेण्या घालून हजर. कुणी घातल्या?"

मुलगी लाल झाली. कागद खालीवर केले. मग हळूच म्हणाली, "ते प्रकरण होतं. संपादकांना वाटलं, त्याने गोष्ट रेंगाळते."

"म्हणून कापलं?"

"हो."

"आहे तुझ्याकडे?"

तिच्या फोनमध्ये होतं. आंटींनी स्वतःची खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेली. मुलगी वाचू लागली. एका फ्लॅटचं स्वयंपाकघर, ओट्यावर भाताचं पातेलं, बोलताबोलता तोंडात कंगवा धरणारी एक बाई, आणि तिच्या गुडघ्यांमध्ये डोकं देऊन बसलेली ही नवी आलेली पोर, जिला त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी विचारतं, घरी कोण कोण असतं? लायब्ररी बंद करायची वेळ टळून गेली होती. माझ्या हातात किल्ल्या होत्या. मी दिवे मालवले नाहीत.

वाचून झाल्यावर आंटींनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तसं त्या कधी करणार नाहीत. फक्त म्हणाल्या, "हीच तुझी कादंबरी. बाकीचं सगळं विमानतळ."

कुमासीच्या शाळेची गोष्ट त्यांनी अशीच एकदा चहा पिताना सांगितली. विषय मीच काढला होता. पूर्वी आपल्याकडे विधवांचे केस काढत, माझ्या वडिलांच्या आजीचे काढले होते, असं मी सांगत होते. आंटींनी नेहमीसारखं मधेच धरलं. "काढणारा कोण?"

"न्हावी."

"तो काय बोलायचा काढताना? घरी जाऊन बायकोच्या केसांकडे बघायचा का?"

आमच्या घरात ही गोष्ट अनेकदा निघे, पण तो न्हावी त्यात नुसता येऊन जाई.

"आमच्या शाळेत न्हावी नव्हता," आंटी म्हणाल्या. "मी होते."

घानातल्या शाळांत मुलींनी केस अगदी बारीक ठेवायचे असतात. जुना नियम, इंग्रजांच्या वेळेपासूनचा. टर्मच्या पहिल्या दिवशी मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि बाई प्रत्येकीच्या डोक्यात बोटं घालायच्या. बोटांच्या चिमटीत केस आले की कात्री. सुट्टीत आयांनी हौसेने वेण्या घातलेल्या असायच्या, त्या तिथे अंगणात पडायच्या. आंटी स्वतः त्याच शाळेत शिकलेल्या. आधी रांगेत उभ्या राहिल्या, मग कात्री घेऊन समोर.

"रडायच्या का मुली?"

"पहिल्या वर्षी. नंतर नाही. नंतर मान आपोआप खाली जाते." त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले, पाठ ताठ केली आणि मान पुढे झुकवली. मानेचं हाड वर आलं. "येस, मिस," बारीक आवाजात म्हणाल्या. मग डोकं वर करून कप उचलला. "असं. मला आजही झोपेतून उठवून कात्री दाखवलीत तर मान खाली जाईल."

"पण का कापायचे?"

"अभ्यासात लक्ष लागावं, आरशात वेळ जाऊ नये. मीही हेच सांगायचे. माझी रेषा फार सरळ यायची." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माझ्या वर्गात तुमच्याकडची एक मुलगी होती. बाजारात कापडाचं दुकान होतं त्यांचं, सिंधी. लता. तिची वेणी तुझ्यासारखी, तेल लावलेली, कमरेपर्यंत. तिला नियम लागू नव्हता. तिचे केस म्हणजे केस, ते विंचरता येतात. आमचे म्हणजे पसारा. असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. रांगेत माझी कात्री तिच्यापाशी आली की तिला वळसा घालून पुढे जायची."

"तुम्ही विचारलं नाही कुणाला?"

"कुणाला विचारणार? कात्री माझ्या हातात होती."

एवढं बोलून त्या उठल्या आणि कप विसळायला गेल्या.

निवृत्त झाल्यावरही त्या वाचकगटाला यायच्या. मग एकदा त्यांनी तोच प्रश्न त्याच पुस्तकाबद्दल पुन्हा विचारला. पुढच्या वेळी डोक्यातली पेन्सिल मी दाखवली, तर हातात घेऊन म्हणाल्या, "ही कुणाची?" नंतर झटका आला, मग आणखी एक लहान झटका. हॉस्पिटल, आणि तिथून सरळ फिशपॉन्ड्सच्या पलीकडचं एक केअर होम. मुलगा क्वामे टोरांटोला. तो आला, धावतपळत सगळं लावून दिलं, परत गेला. चांगला मुलगा. रोज फोन करायचा. आंटी फोनकडे बघायच्या.

मी रविवारी जाऊ लागले. पहिल्याच भेटीत मला डोकं दिसलं. हॉस्पिटलात आडव्या पडूनपडून वेण्या विस्कटल्या होत्या, सुटलेले केस एकमेकांत गुंतून मागच्या बाजूला एक घट्ट लगदा झाला होता. आंटींचा हात सारखा तिथे जायचा. चाचपायचा, थांबायचा, पुन्हा चाचपायचा.

हे काम मला येतं, असं मला वाटलं. काम म्हणजे केसांचं नव्हे, व्यवस्थेचं. मी घरी येऊन यादी केली.

आधी सॅटिनच्या टोप्या घेतल्या. त्या झोपताना घालायच्या, म्हणजे केस उशीला घासत नाहीत. त्यांवर नावाच्या पट्ट्या शिवल्या. पुढच्या रविवारी एक टोपी कपडे धुवायला जाऊन परतलीच नव्हती आणि दुसरी शेजारच्या खोलीतल्या नव्वदीच्या डोरोथीबाईंच्या डोक्यावर होती. त्यांना ती इतकी आवडली होती, की त्या काढू देईनात. "माझ्या नवऱ्याने पॅरिसहून आणली," त्या म्हणाल्या. आंटी त्यांच्याकडे बघून छान हसल्या.

होममध्ये आठवड्याला केशभूषा करणारी बाई यायची. तिने दारातूनच डोकं पाहिलं. "आय ॲम सो सॉरी, डार्लिंग. असल्या केसांचं मला शिकवलेलं नाही. काही बिघडलं तर?" ती खोटं बोलत नव्हती.

तिथे टेंडाय नावाची एक झिंबाब्वेची केअरर होती. तिने लगद्यात बोटं घातली तेव्हाच कळलं, हिला येतं. "मी माझ्या मुलींच्या घालते दर रविवारी," ती म्हणाली.

"मग यांच्या घालशील?"

"घालीन की. कधी, ते तुम्ही सांगा." तिने कॉरिडॉरकडे हात केला. दोन्ही बाजूंना दारं, बहुतेक दारांवर मदतीला बोलावणारे दिवे लागलेले. तरीही एका रविवारी चहाची गाडी भिंतीला लावून तिने कपाळाच्या वरून सुरुवात केली. उभ्याउभ्याच. आंटींचे डोळे मिटले. खांदे खाली आले. किती तरी दिवसांनी तो हात डोक्याकडे न जाता मांडीवर पडून राहिला. दोन ओळी झाल्या, सुरेख, सरळ, आणि घंटा वाजली. टेंडाय धावली ती परत आली नाही. कुणीतरी बाथरूममध्ये पडलं होतं. त्या दोन ओळी पुढे बरेच दिवस तशाच राहिल्या. बाकी डोकं एकीकडे, त्या दोन ओळी एकीकडे.

अबेनाला मी ईस्टनला जाऊन भेटले. तिने फोटो पाहिला आणि स्टूलवर बसली. "मला आधी का नाही कुणी सांगितलं?" तिला कळवायला हवं हे मला सुचलंच नव्हतं, क्वामेला तर तिचं नाव ठाऊक नव्हतं. "कापायचं नाही," ती म्हणाली. "तेल लावून बोटांनी सोडवायचं. दिवस जाईल. जाऊ दे. मी येते."

पण बाहेरच्या माणसाने होममध्ये येऊन काम करायचं, तर विमा हवा, पोलिसांची तपासणी हवी. अबेना स्वतःच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, तिच्याकडे यातलं काही नव्हतं. मी सगळं मिळवायला लागले. फोन, ईमेल, पुन्हा फोन. होमची मॅनेजर दर वेळी नीट बोलायची. नियम त्या म्हाताऱ्या माणसांच्याच भल्यासाठी होते. मी तिच्या जागी असते तर मीही तेच मागितलं असतं. शेवटी सगळं जमलं. गुरुवार ठरला. अबेनाने इतर सगळ्यांना नाही सांगून तो दिवस मोकळा ठेवला. मी रजा घेतली. मोठ्या दातांचा कंगवा, शिआचं लोणी, आंटींना मधेच खायला तळलेली केळी. खोबरेलात तळलेली.

बुधवारी संध्याकाळी क्वामेचा फोन आला. तोही मला आंटीच म्हणायचा.

"आंटी, तुम्हाला सांगायचं होतं. काल मम्मीचे केस कापले."

लगद्याखाली टाळूला जखम झाली होती. नर्सला ती आंघोळ घालताना दिसली. औषध लावायचं तर केस काढावे लागणार होते, आणि थांबण्यात धोका होता. त्यांनी टोरांटोला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता, त्याने हो म्हटलं. "मला वाटलं तिला हलकं वाटेल," तो म्हणाला. "तिच्याकडे तो विग आहेच ना, छान आहे तो. त्यांना म्हटलंय घालायला." मग त्याने विचारलं, "मी बरोबर केलं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जखम खरी होती.

गुरुवारी मी तरीही गेले. अबेनाला नको म्हणून कळवलं होतं. मॅनेजर दारातच भेटली. ती मनापासून सांगत होती. "एरवी फेलिशिया डोक्याला हात लावू देत नाही, आम्हाला काळजी होती. पण इतकी शहाण्यासारखी वागली! केस काढायचा क्लिपर दिसल्याबरोबर स्वतःच खुर्चीत ताठ बसली. हात मांडीवर. मान खाली. 'येस, मिस' म्हणाली. तिची संमती होती, तशी आम्ही नोंदही केली आहे."

मी तिला सांगितलं. कुमासी, टर्मचा पहिला दिवस, अंगणातली रांग, चिमूट, कात्री. ती संमती नव्हती, ती सवय होती. मॅनेजरने फोन वाजत असताना माझं शेवटपर्यंत ऐकलं.

"किती गोड आठवण," ती म्हणाली.

मी विचारलं, कापलेले केस कुठे आहेत? ती गोंधळली. कचऱ्यात गेले होते. गाडी सकाळीच येऊन गेली होती.

आंटी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मी शेवटचं त्यांना पाहिलं ते तेव्हाच. त्यानंतरच्या रविवारच्या आत त्या गेल्या. डोक्यावर फक्त पांढरी लव उरली होती, मागे औषधाची पट्टी. डोक्याचा आकार इतका सुंदर आहे हे मला कधी कळलं नव्हतं. चेहरा एकदम लहान झाला होता. त्या म्हाताऱ्या दिसत नव्हत्या. शाळेला निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या, नुकतीच सुट्टी संपलेली. कपाटावर, बाटलीला उलटा अडकवलेला मिसेस ह्यूजचा विग. कुणीतरी घालून पाहिला असावा. आंटींनी काढून टाकला असावा.

मी डब्यातलं केळं पुढे केलं. त्यांनी खाल्लं. दुसरं मागितलं. मांडीवरची शाल खाली घसरली होती, ती उचलायला मी वाकले, तशी माझी वेणी खांद्यावरून पुढे आली.

त्यांनी ती पकडली.

मुळापासून खाली बोटं फिरवत गेल्या. सावकाश, दाबून बघत, रांगेत तपासावं तशा. शेवटाला आल्यावर माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज परत आला. तोच, दारातून आत आला की पोरांना सरळ बसवणारा.

"लता. तुला लागू नाही. जा, जागेवर बस."

"येस, मिस," मी म्हटलं.

पण वेणी त्यांच्या मुठीतच होती. मी तशीच वाकून उभी राहिले. बाहेर टेंडायची चहाची गाडी खडखडत गेली, कुठल्यातरी दारावरची घंटा वाजत होती. आंटींचा दुसरा हात स्वतःच्या डोक्याकडे गेला, त्या लवेवरून फिरला, काही सापडलं नाही, आणि परत आला.

"जा म्हटलं ना," त्या म्हणाल्या, आणि मूठ आणखी घट्ट केली.